आपण की आम्ही

तमिळच्या माइकसमोर माझ्याऐवजी एक उंच चिनी मुलगा उभा होता.

"ही जागा माझी आहे," मी म्हणाले.

"होती," तो म्हणाला आणि हसू लपवायला खाली बघू लागला.

तोआ पायो या आमच्या वस्तीतल्या क्लबात नऊ ऑगस्टच्या, म्हणजे राष्ट्रदिनाच्या कार्यक्रमाची तालीम होती. दरवर्षी चौघं जण स्टेजवर येऊन देशाच्या चारही भाषांत राष्ट्राची प्रतिज्ञा म्हणतात, ज्याची त्याची भाषा ठरलेली. यंदा कार्यक्रम बसवणाऱ्या रोहानीमावशींच्या मनात आलं, प्रत्येकानं शेजाऱ्याची भाषा घ्यायची. मावशींपुढे आमचं कुणाचं चालत नाही. त्यामुळे चिनी माझ्याकडे आली आणि तमिळ या बून सेंगकडे.

"येतं का काही तमिळ?"

"वणक्कम... आणि पराठा."

"पराठा तमिळ नाही."

"मग निम्मंच येतं. शिकवशील?"

तालीम संपली की आम्ही खालच्या कोपीच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या टपरीवर बसायचो. मी दातांच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर लोकांच्या जिभा बाजूला सारायच्या आणि संध्याकाळी याची जीभ वळवायची.

"टाळूकडे ने. अजून मागे."

"तुझ्याकडे बघितलं की वळत नाही."

"मग भिंतीकडे बघ."

त्यानं खरंच भिंतीकडे बघितलं. तरी नाहीच वळली. माझ्या चिनीची वेळ आली की तो डोळे मिटून ऐकायचा, एखादा सूर चुकला की एक भुवई वर जायची. त्या भुवईसाठी मी कधीकधी मुद्दाम चुकायचे.

एका संध्याकाळी तो पावसात भिजून आला. कोपी मागवली, पण प्यायला नाही.

"मला ब्रिस्बेनला नोकरी मिळाली," तो म्हणाला. "पुलांचं काम. सप्टेंबरात जायचंय, दोन वर्षांसाठी."

"छान झालं," मी म्हणाले. "चल, म्हणून दाखव."

त्यानं मूठ छातीशी नेली. "नांगळ—"

"थांब. नांगळ नाही, नाम्."

"दोन्हीचा अर्थ एकच ना?"

"मुळीच नाही. नांगळ म्हणजे आम्ही, ऐकणारा त्यात नाही. नाम् म्हणजे आपण, ऐकणाऱ्याला धरून."

"आमच्या घरी एकाच शब्दात भागतं."

"म्हणूनच कळत नाही, तुम्ही कुणाला धरताय."

त्यानं कप बशीत फिरवला... एकदा, पुन्हा एकदा.

"तुला धरतोय," तो हळूच म्हणाला. "माइकवरून हाकलायला आलीस, त्या दिवसापासून. पण आता मी चाललोय. हे बोलून तुला उगाच अडकवायचं—"

"मला कोण अडकवतंय? मला तू आवडतोस, बून सेंग. तिकडे गेलास तरी आवडशील. तू जा, तुझे पूल बांध. डिसेंबरात मला रजा असते, मी येईन. विमानतळावर रडणाऱ्यांतली मी नाही."

"आणि मी रडलो तर?"

"रुमाल आण."

तो इतका मोकळा हसला, की टपरीवाल्या काकूंनी मान वळवून बघितलं. मग टेबलावरचा माझा हात त्यानं हातात घेतला. त्याचा हात अजून ओलाच होता.

नऊ तारखेला पहिल्या रांगेत माझे अप्पा बसले होते. शाळेत आयुष्यभर तमिळ शिकवलेला माणूस. बून सेंगनं सगळी प्रतिज्ञा न अडखळता म्हटली, फक्त दोन ठिकाणी अप्पांचा चेहरा आंबट झाला. माझी चिनी त्यांनी ऐकली की नाही, कोण जाणे.

कार्यक्रमानंतर ते थेट माझ्याकडे आले. "तो मुलगा कोण?"

"बून सेंग. मला आवडतो, अप्पा. तुम्हाला सांगणारच होते."

अप्पांनी एकदा स्टेजकडे बघितलं. "उच्चार कच्चे आहेत," ते म्हणाले. मग छत्री उचलत, "रविवारी जेवायला बोलव."

रविवारी बून सेंग केळीच्या पानापुढे ताठ बसला. वाढलेलं सगळं संपवलं. तिखटानं डोळे वाहत होते, नाक लाल झालं होतं. तशात त्यानं अप्पांना मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं, "अजून रसम आहे?"

वाक्यात तीन चुका होत्या. मी अप्पांकडे बघितलं.

अप्पा उठले, स्वयंपाकघरात गेले आणि पातेलंच घेऊन आले.