शेजारची खुर्ची

१९८८ सालचा फेब्रुवारी. उत्तर जपानातल्या मोरिओकात बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत चढला होता. दुपारी नागुमोबाई हेडफोन घ्यायला माझ्या दुकानात आल्या.

मी सहावीपर्यंत शिकलो. हेडफोन पारखायचा तर ज्या मैफलीला आपण स्वतः बसलो तीच लावायची, हा माझा नियम. स्टुडिओतलं संगीत वाईट हेडफोनमध्येही गोड लागतं. मैफलीत माणसं खोकतात, पाय हलवतात. कोण कुठे बसलं होतं ते ठाऊक असलं की हेडफोनचा खोटेपणा लगेच उघडा पडतो.

"तोगाशी-सान, दारूच्या कोठारातली ती चेलोची टेप लावा. दुसरा भाग."

"पहिला बरा आहे."

"पाच वर्षं सगळ्यांना पहिलाच ऐकवता. दुसरा काय मांजरानं खाल्ला?"

ती मैफल मीच दोन मायक्रोफोन लावून टेप केली होती. नागुमोबाईंचा नवरा ट्रक चालवायचा. मध्यंतरापर्यंत येतो म्हणाला होता. बाईंनी शेजारच्या खुर्चीवर कोट टाकून जागा धरली. खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. ट्रक दुसऱ्या दिवशी घाटात सापडला, बर्फाखाली.

"त्या सकाळी मी त्यांना म्हटलं, आला नाहीत तर घरी येऊच नका." बाईंनी खिडकीकडे तोंड केलं. "पुढच्या महिन्यात कानांचं ऑपरेशन आहे. नंतर ऐकू येईलच असं नाही. एकदा तिथं परत बसायचंय."

दिव्याची घरघर नको म्हणून मी दिवा मालवला. एक हेडफोन त्यांना दिला, एक मी घातला. रॉकेलच्या शेगडीचा वास दाटला होता. चेलो सुरू झाला. उजवीकडे कोठाराच्या मालकाचा खोकला, जागच्या जागी. डावीकडे टेपमधल्या बाईंची चुळबुळ. त्यांच्या पलीकडे काही नाही. तिथं कधीच काही नव्हतं. ही टेप मला पाठ आहे.

मागे दार सरकलं.

कोणीतरी बुटांवरचा बर्फ झटकला. पावलं रांगेतून डावीकडे आली. "माफ करा... माफ करा..." आणि थांबली.

मी टेप बंद करायला हात पुढे केला. बाईंनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या..."

अगदी कानाशी, दम लागलेला आवाज आला.

"कोट उचल ना... बसू कुठे?"

खुर्ची करकरली.

बाई डोळे मिटून हसत होत्या. "उशीर करायची खोड," त्या हळूच म्हणाल्या, "अजून गेली नाही."

ती टेप मी आजही लावतो. दार, पावलं, तो आवाज... पुन्हा कधी आलं नाही. फक्त शेवटच्या टाळ्यांत डावीकडे दोन हात जास्त वाजतात. जाड हातमोजे घातलेले.

येतो म्हणाला होता. आला.