नीलकंठ काडी का पेटवत नाही

ऐक, मधे काही विचारू नकोस, आधी सगळं ऐकून घे.

हेर नीलकंठ माहितीये ना, चाळीस कादंबऱ्यांतला? ज्याची नक्कल करत पोरं ओठात बिडी धरायची आणि काडी दुसऱ्याला पेटवायला लावायची, तोच. त्याच्या तरुणपणावर वेबसिरीज निघाली. लिहायला कोण, तर त्याच्या लेखकाचीच मुलगी, रेवा पोंक्षे. आता अडचण अशी, की तिच्या वडिलांनी, यदुनाथ पोंक्ष्यांनी, नीलकंठचं तरुणपण कधी लिहिलंच नव्हतं. पहिल्याच पानावर तो चाळिशीचा. म्हणून निर्माते तावडे रेवाला एका प्रयोगशाळेत घेऊन गेले. तिथे फरहान नावाच्या संशोधकाचं गतवेध यंत्र होतं.

"लंगडणाऱ्याच्या चालीवरून डॉक्टर सांगतो ना, हाड कुठे मोडलं होतं?" फरहान म्हणाला. "आम्ही स्वभावाची चाल बघतो. माणसाने काय काय निवडलं, काय टाळलं, ते यंत्राला द्यायचं. त्यामागचा घाव ते शोधतं. खऱ्या माणसांवर तपासलंय."

"मग आमच्या सौंना आणतो एकदा," तावडे म्हणाले.

"आधी तुम्ही बसा, सर. घाव तिथेच निघेल."

चाळीसच्या चाळीस कादंबऱ्या आत गेल्या आणि उत्तर आलं. शाळकरी वयात ह्याच्या हातून आग लागली. कुणीतरी भाजलं. शिक्षा दुसऱ्याच मुलाला झाली आणि हा गप्प बसला. म्हणून हा स्वतः कधी काडी पेटवत नाही, प्रत्येक वेळी गरीब संशयिताला सोडवतो आणि गुन्हेगार म्हणून घरंदाज माणूसच पकडतो.

तावडे तर उडालेच. "हाच पहिला भाग. सोमवारी शूटिंग."

रेवाला मात्र बसवेना. उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली.

"फरहान, नीलकंठ नावाचा माणूस कधी नव्हताच. मग हे सगळं निवडलं कुणी?"

फरहान यंत्राकडे वळला. "पात्राने की लेखकाने, यंत्राला ते कळत नाही. ज्याने निवडलं, त्याचाच भूतकाळ ते काढणार."

रेवा बाहेर आली. फोन लावला.

"बाबा, तुमच्या शाळेत कधी आग लागली होती?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"मास्तर नसताना मी स्पिरिटचा दिवा पेटवला. शिपाई भाजले. आळ बाबूवर आला. मी हेडमास्तरांचा मुलगा, तो वसतिगृहातला. रिमांड होममध्ये गेला."

"बाबूकाका? दिवाळीला येतात ते?"

"प्रत्येक पुस्तक आधी त्यालाच देतो. वाचून म्हणतो, यदू, तुझा नीलकंठ तेव्हा असता तर मी सुटलो असतो."

"म्हणजे दिवा तुम्ही पेटवला होता, हे त्यांना माहीत नाही?"

"नाही गं. सिरीज आली की दोघं शेजारी बसून बघू, म्हणतोय."

"मी बदलू का ती गोष्ट?"

"मी आयुष्यभर बदलतच आलोय," यदुनाथ म्हणाले. "लिहिणारी तू आहेस. तूच ठरव."

फोन बंद झाला. दारातून तावड्यांनी डोकं काढलं. "रेवा, पहिला भाग हाच ना? सगळे थांबलेत."

बदलला, तर बाबूकाका काही न कळताच जगातून जाणार. ठेवला, तर बाबांच्या शेजारी बसून बघताना त्यांना कळणार.

आता बोल. तिच्या जागी तू काय केलं असतंस?