एक थाप ये, दोन थापा थांब

उद्या पहाटे गाडी घेऊन बेटावर निघणार आहात ना? मग सरका जरा जवळ. ते दार ओढून घ्या. हे माझ्या कारखान्यातल्या फिटरच्या बाबतीत घडलंय. त्याचं नि माझं मशीन शेजारी शेजारी होतं. चार तोंडांतून फिरत आलेली गोष्ट नाही, त्याने स्वतः मला सांगितलेली आहे.

गेल्या वर्षी, नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. रात्री साडेअकराला फिटर घरून निघाला तो अगदी साध्या कामाला. जेटीवर जायचं, गाडी उतारावर उलटी घालायची, तिचं शेपूट घासतंय की नाही ते बघायचं आणि घरी येऊन झोपायचं.

आता गाडीला शेपूट कुठलं, ते सांगतो. फिटरचे वडील खुब्यातून मोडलेले. बसता येत नव्हतं, फक्त आडवं पडायचं. आणि त्या माणसाने एकच हट्ट धरला होता. मला एकदा बेटावर ने. जन्म तिथला, सहा-सात वर्षांचे असताना आईबरोबर निघाले, ते पुन्हा गेले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यात न्यायचं तर न्या, पुढचं सांगता येत नाही. फिटर विचारायचा, "बाबा, तिथे आता आपलं आहे कोण?" म्हातारा ताकास तूर लागू देईना. भिंतीकडे तोंड करून पडायचा.

मग फिटरने जुनी गाडी काढली. मागची सीट उपटली, मागची काच काढून टाकली आणि दीड हात पत्र्याचा डबा जोडून आत पलंग बसवला. गादी, पट्टे, हाताला धरायला कडी. सुतासुताचं माप घेतलं. तीन महिने रोज कारखान्यातून आला की गाडीखाली. बायको म्हणायची, "एवढ्या वेळात मी बाबांना पाठुंगळी मारून नेलं असतं." कुठे थांबायचं, पाणी कुठे भरायचं, बेटावरचा रस्ता कुठे खराब आहे, सगळं ठरलं. आणि घोडं अडलं कुठे? फेरीबोटीवर.

फेरीवर गाडी उलटी चढवतात, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येते. याच्या गाडीचं शेपूट एवढं लांब की जेटीचा उतार अर्ध्यावर जरा कमी होतो तिथे ते खाली टेकायचं. सगळी मापं घेणाऱ्याने उताराचं माप घेतलंच नव्हतं! पहिल्यांदा अडकली तेव्हा मागे रांग लागली, लोकांनी हॉर्न वाजवून कान किटवले. तिकीटवाला म्हणाला, "साहेब, ही गाडी आहे की कपाट?" फिटरने मागच्या स्प्रिंगा उंच केल्या. दुसऱ्यांदा पुन्हा अडकली. तेव्हा तिकीटवाल्याने हात जोडले. "एकदा न घासता घालून दाखवा, मग तिकीट फाडतो. पण दिवसा माझी जेटी अडवायची नाही."

म्हणून रात्र. फिटर इतका वैतागला होता की रस्ताभर एकटाच बोलत होता. तिकीटवाल्याला शिव्या, स्प्रिंगांना शिव्या, बापालाही. हो, बापालाही. काय मेलं आहे त्या बेटावर, असं म्हणाला तो. मोठ्याने.

जेटीवर एकच दिवा. चौकीदाराच्या केबिनमध्ये रेडिओ चालू, चौकीदार आत. फेरी रात्री पलीकडच्या तीरावर असते, त्यामुळे उतार मोकळा. फिटरने खाली उतरून पाण्याच्या हातभर वर एक वीट ठेवली. चाक विटेला लागलं की थांबायचं. गाडीत बसला, उलटा गिअर टाकला. मागे तर सगळा पत्रा, दिसणार काय? आरशात नुसता काळोख.

थोडी मागे गेली आणि पत्र्यावर बाहेरून थाप पडली. थप.

तुम्ही ट्रकचे क्लीनर पाहिलेत ना, फेरीवरचे खलाशीही तसंच करतात. मागे उभं राहून गाडीवर थाप मारायची. एक थाप म्हणजे ये. दोन थापा म्हणजे थांब. हसू नका, मी काही थापा मारत नाहीये. सगळ्या जेट्यांवर हीच भाषा.

फिटरला वाटलं, चौकीदार आला. बरं झालं. त्याने मान वळवूनही पाहिलं नाही. वैतागलेल्या माणसाला मदत करणाऱ्याचं तोंड बघायलाही फुरसत नसते.

थप. ये.

गाडी मागे. शेपूट घासलं नाही. पहिल्यांदाच! त्याच्या जिवात जीव आला.

थप. ये.

आणखी मागे.

"बास का?" याने खिडकीतून ओरडून विचारलं.

त्याने कान दिला.

थप.

वीट अजून लागली नव्हती. एव्हाना लागायला हवी होती. चाकाखालचा काँक्रीटचा खरखर आवाज बंद झाला. गाडी मागून हलकी झाली. सपाटीवर आल्यासारखी. पण उतारावर सपाटी... कुठून येणार?

थप.

ही थाप खालून आली. गाडीच्या पोटाखालून.

फिटरचा पाय ब्रेककडे जाईना. रेडिओ कधी बंद झाला, कळलं नाही.

आणि त्याच्या मागे... अगदी मागे... आत, रिकाम्या पलंगावर...

थप थप.

दोन.

थांब.

त्याने ब्रेक दाबला. पायाला पाणी लागलं. गिअर बदलला, गाडी गुरगुरली, सरकली, पुन्हा मागे ओढली गेली. पुढची चाकं अजून काँक्रीटवर होती म्हणून वाचला, पोरांनो. गाडी वर आली तेव्हा शेपटातून धो धो पाणी गळत होतं. भरती आली होती. वीट पाण्याने कधीच ओढून नेली होती.

त्याने केबिनचं दार बडवलं. चौकीदार डोळे चोळत उठला. "मी? मी तर आत्ता उठतोय."

काय विचारतोस? बाहेरून बोलावणारा कोण होता? ते मला माहीत नाही. फिटरलाही नाही.

घरी त्याने कोणाला काही सांगितलं नाही. गाडी घासली नाही आणि धुताना गादी भिजली, एवढंच सांगितलं. सकाळी बायको म्हणाली, "मग आज बाबांना झोपवून तरी बघा. गादी वाळली की घालू." दुपारी दोघांनी म्हाताऱ्याला उचलून पलंगावर ठेवलं, पट्टे बांधले. फिटर पायाशी उभा. म्हातारा छताकडे बघत हाताने बाजूचा पत्रा चाचपत होता. उशीपाशी हात थांबला.

पत्र्याला खळगा पडला होता. आतून बाहेर. जाड पत्रा, हातोड्याशिवाय वाकणार नाही असा. पाच बोटं, एक तळवा. लहान पोराचा.

म्हाताऱ्याने त्यावर आपला हात ठेवला. मावेना. मग एकच बोट आत फिरवलं, सावकाश, एकेका बोटावरून. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण चेहरा हसरा होता.

फिटर म्हणाला, "बाबा, तिकीटवाला आता नाही म्हणणार नाही. सोमवारी निघू या."

"आता कशाला?" म्हातारा म्हणाला.

फिटरचा तोल सुटला. तीन महिने! अंगणात पाना आपटला त्याने. "कशाला म्हणजे? तुम्हीच जीव खाल्लात ना माझा? कोण होतं तिथे, ते तरी सांगा!"

म्हातारा खळग्यात बोट फिरवतच राहिला. घरातही यायला तयार होईना. रात्री तिथेच झोपला, दारात उभ्या गाडीत, आणि त्यानंतर जगला तेवढे महिने तिथेच झोपत राहिला. फिटर आत जाऊन पांघरूण नीट करायचा तेव्हा हात त्या खळग्यावरच असायचा. त्या पहिल्या रात्री फक्त एकदा म्हातारा बोलला, तेही फिटरशी नाही, पत्र्याशी.

"अजून एवढाच आहेस होय रे..."