जॅकेटचे खोल खिसे

भुताखेताच्या गोष्टींना सगळ्यात आधी मीच हसते. पण ही माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे. कपडे शिवून पोट भरणारी ही बाई टाकासुद्धा खोटा घालत नाही, ती गोष्ट कुठून रचणार?

रात्र नव्हती. रविवारची सकाळ, लख्ख ऊन आणि खोऱ्यातला नदीकाठचा रस्ता.

काका दर रविवारी मोटरसायकल काढून तिकडे जायचे. एकटेच.

"मलाही न्या की कधी."

"तुला गाडी लागते."

"अहो, मोटरसायकल कुणाला लागते?"

"तुला लागेल."

लग्नापासून हेच उत्तर. शेवटी त्याच रस्त्यावर एका वळणावर काका गेले. गाडीला नुसता ओरखडा.

वर्षभरात मावशी गाडी शिकली. शेजारीण म्हणाली, "आता या वयात?"

"मग काय, पुढच्या जन्मात?"

काकांचं जॅकेट चढवून ती निघाली.

खाली हिरवंगार पाणी, दोन्हीकडे डोंगर. इतकं सुंदर, की तिला रागच आला. एवढं सगळं एकट्यानेच बघत होता, मेला!

मग ते वळण आलं. कठडा अजून तुटकाच.

तिने वेग कमी केला...

पाखरं गप्प झाली.

नदीचा आवाजही थांबला.

आणि गाडी मागून दबली... कुणीतरी बसल्यासारखी.

तिला वाटलं, काकाच. भीती नाही, डोळे भरून आले.

"आता सुचलं होय, बरोबर न्यायचं?"



मग... जॅकेटच्या दोन्ही खिशांत मागून हात शिरले.

चाचपडले नाहीत. रोजची वाट असल्यासारखे शिरले.

लहानसे हात. ओले. बर्फासारखे गार.

ते खिसे मावशीनेच शिवले होते. "खोल कर, आत मऊ अस्तर लाव, थंडी वाजते," काका म्हणाले होते. तिने आपली शाल कापून अस्तर लावलं होतं.

पण गाडी चालवणाऱ्याचे दोन्ही हात तर हँडलवर असतात...

हे तिला तेव्हा कळलं.

पाठीवर गाल टेकला. बाईचा आवाज आला...

"किती उशीर केलास रे."

मावशी थांबली नाही. पहिली घरं दिसली तेव्हा मागचं वजन उतरलं. ती थेट पोलीस ठाण्यात गेली.

"साहेब, अपघातानंतर नदीत शोधलं होतं?"

"ते एकटेच होते, ताई. नदीत काय शोधणार?"

"मागे बाई होती."

"नाव?"

मावशीला माहीत नव्हतं.

"तुमची कोण?"

मावशीने खिशातलं अस्तर चाचपलं. मग म्हणाली, "घरचीच."

पाणबुडे उतरले. काही सापडलं नाही. बाई हरवल्याची तक्रारही कुणी दिलेली नव्हती.

मावशी अजून दर रविवारी जाते. माझा जीव टांगणीला लागतो. ती एकटी जाते म्हणून नाही... परत येताना एकटीच येईल ना, म्हणून.

"कशाला जातेस गं?" परवा मी ओरडलेच.

"तो मेला, हे तिला कुणी सांगितलंच नाही ना."

"मग सांगितलंस?"

मावशीने दातांनी दोरा तोडला.

"दर वेळी ठरवून जाते. पण ती पाठीवर गाल टेकते... आणि मग नाही गं सांगवत."