सांजेचा सडा

कापडे गावच्या महिपतीतात्यांना स्वतःच्या घरात मिठाचं मडकं कुठल्या कोपऱ्यात आहे हे सांगता येत नसे. पण आज लिस्बनला सूर्य कधी मावळणार हे विचारा, तात्या मिनिटासकट सांगत. तीस वर्षं त्यांनी मुंबईत एका जहाजी पंचांगाच्या कचेरीत कारकुनी केली होती. जगातल्या एकशे बारा बंदरांचे सूर्योदय, सूर्यास्त आणि त्यांच्या मागचापुढचा संधिप्रकाश, वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी गणित मांडून काढायचा, एवढंच त्यांचं काम. त्या एकशे बारांतलं मुंबईखेरीज एकही बंदर त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पाहून काय करायचं, सूर्य तोच असतो, असं ते म्हणत.

पेन्शन घेऊन गावी आले तेव्हा कोष्टकांची जाड वही आणि खिशातलं घड्याळ बरोबर आलं. घड्याळ ते कापड्याच्या सूर्यावर लावत. पोलादपूरच्या कचेरीतलं घड्याळ त्यांच्या लेखी घड्याळच नव्हतं. गावात घरटी एक माणूस मुंबईला, आणि दोघेचौघे त्याच्याही पलीकडे गेलेले. मोंबाशाला रेल्वेवर असलेल्या कोंडाजीची आई बयाबाई पाणी भरून जाताना ओटीशी थांबे आणि विचारी, "तात्यानू, आमच्या कोंडाजीकडं उजाडलं का?" तात्या वही न उघडता सांगत. म्हातारी खूश होऊन जाई. लोक गमतीनं म्हणत, तात्यांच्या खिशात जगभरचे सूर्य आहेत, चुलीत मात्र विस्तव नाही. तात्यांना याचा राग येत नसे, कारण ते खरंच होतं.

एकोणीसशे एकतीसच्या वैशाखात, अक्षय्यतृतीया उलटल्यावर, भागोजी त्यांच्या ओटीवर येऊन बसला. भागोजी म्हणजे ठमाबाईचा चुलत दीर, भावकीतला वडीलधारा माणूस. त्यानं तंबाखू मळायला घेतली.

"तात्या, ते कंपनीचं पत्र तुमीच वाचलंत न्हवं?" तो म्हणाला.

वाचलं होतं. चैत्रात आलेलं ते इंग्रजी पत्र तात्यांनीच ठमाबाईच्या अंगणात उभं राहून मराठीत सांगितलं होतं, आणि ते काम त्यांना आजही टोचत होतं. ठमाबाईचा एकुलता एक मुलगा मुरारी मालवाहू जहाजावर आगवाला होता. भट्टीत कोळसा ओढायचं काम. चिलीच्या किनाऱ्यावर सोरा भरून जहाज ऑस्ट्रेलियाकडे निघालं आणि वाटेत बुडालं. तीन होड्या सोडल्या, दोन सापडल्या. तिसरीतली अकरा माणसं मृत समजावीत, असं लिहिलं होतं. त्या अकरांत मुरारीचं नाव होतं.

"अवसेला पळसाच्या पानांचा पुतळा करून पोराला मार्गी लावायचं ठरवलंय," भागोजी म्हणाला. "तो तिकडं पान्यात लटकतोय. आन् त्याची आय ऐकत नाय. तुमी शिकल्याले, तुमी चार शबूद सांगा तिला. तिचं डोकं फिरलंय, तात्या. तिन्हीसांजेला आंगण झाडत्ये, सडा घालत्ये. आन् सांजवात लावत्ये ती सकाळी."

तात्यांनी चष्मा काढला. दिवेलागणीला केरसुणीला हात लावू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. घरातली लक्ष्मी निघून जाते म्हणतात. तात्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण तेसुद्धा त्या वेळी कधी केर काढत नसत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते ठमाबाईकडे गेले. सूर्य डोंगराआड जाऊन बराच वेळ झाला होता, गुरं गोठ्यात शिरली होती, चुलींचा धूर खाली रेंगाळत होता. ठमाबाई अंगण झाडत होती. सून आवडी पाण्याची कळशी धरून पायरीशी उभी होती. वीस वर्षांची पोर, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. पुतळा जळाला की त्या बांगड्या नदीवर फुटणार होत्या.

ठमाबाईनं केरसुणी ठेवली, शेणपाण्याचा सडा घातला आणि पूर्वेकडे तोंड करून डोळ्यांवर आडवा हात धरला. तात्यांनी सवयीनं घड्याळ काढलं. सहा वाजून चौतीस मिनिटं.

"वहिनी, हे काय?"

"उजाडलं न्हवं."

"कुठे?"

"त्याच्याकडं," ठमाबाई म्हणाली, आणि हात तसाच धरून आत गेली.

पहाटे तात्या पुन्हा आले. फटफटीत उजाडल्यावर ठमाबाईनं तुळशीपाशी दिवा लावला. पाच वाजून चव्वेचाळीस मिनिटं. "मावळला तिकडं," ती म्हणाली, आणि हात जोडले.

समजूत घालायला आलेले तात्या तसेच घरी गेले. दुःखात माणूस काय काय करतो, त्याला आपण कोण बोलणार, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण हाताला सवय वाईट. दोन्ही वेळा त्यांनी वहीत लिहून ठेवल्या. मग रोज सकाळसंध्याकाळ ते तिच्या अंगणाच्या दगडी गडग्याशी जाऊन उभे राहू लागले. बाराव्या दिवशी सडा सहा एक्केचाळीसला पडला आणि दिवा पाच पस्तीसला लागला.

त्या रात्री तात्या जेवले नाहीत. वैशाखात कापड्याचा दिवस रोज थोडा थोडा वाढतो. ठमाबाईचा दिवस, म्हणजे तिच्या सड्यापासून तिच्या दिव्यापर्यंतचा काळ, बारा दिवसांत सोळा मिनिटांनी आखडला होता. वैशाखात दिवस आखडतो तो विषुववृत्ताच्या खाली. तिच्या घरात घड्याळ नव्हतं. तिला वीसच्या पुढे मोजता येत नव्हतं. आणि पृथ्वीच्या दक्षिण अंगाला ऋतू उलटे असतात हे तिला सांगणारं गावात एकच माणूस होतं, ते म्हणजे तात्या स्वतः. त्यांनी ते कधीच सांगितलं नव्हतं.

तीस वर्षं त्यांनी जागेवरून वेळ काढली होती. आता प्रथमच वेळेवरून जागा काढायला बसले. दिवसाच्या लांबीवरून अक्षांश निघतो, माध्यान्हीवरून रेखांश. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे नकाशावर पेन्सिलीचं टोक ठेवलं. भोवती नुसता समुद्र होता, चारी बाजूंना शेकडो कोस. आणि टोकाखाली माशीच्या विष्ठेएवढा एक ठिपका. तात्यांनी भिंग लावलं. ईस्टर बेट. मालकी चिली सरकारची, वस्ती थोडकी, वर्षातून एखादं जहाज जातं, असं जुन्या भूगोलात दिलं होतं. त्यांच्या एकशे बारा बंदरांत ते नव्हतं.

त्यांनी सगळं गणित पुसून पुन्हा मांडलं. ठिपका हलला नाही. तात्यांना भीती वाटली, आणि त्या भीतीच्या पोटातच इतका आनंद झाला की त्यांना रडू फुटलं. सकाळी त्यांनी मुंबईच्या चिली वकिलातीला पत्र लिहिलं आणि पोलादपूरला स्वतः चालत जाऊन टपालात टाकलं.

भागोजीनं नकाशा मन लावून पाहिला. तो अडाणी होता, पण मूर्ख नव्हता.

"तिला येळ कोन सांगतं?"

"ते मला माहीत नाही," तात्या म्हणाले.

"मंग? ठिपका हाय म्हून पोरगा हाय, असं कसं म्हनू? पुतळा केला नाय आन् तो मेल्याला असला, तर जल्मभर भटकंल. त्याचं पाप माज्या डोईवर. त्या पोरीनं तरी किती दिस असं मधीच लटकत ऱ्हायाचं?"

"पत्राचं उत्तर येईपर्यंत थांबा."

"भावकीचं ठरलंय, तात्या. पानं आनलीत."

चतुर्दशीच्या संध्याकाळी भागोजी आवडीला सांगायला गेला. उद्या सकाळी नदीवर यायचं, आणि बांगड्यांचं काय ते. तात्याही मागोमाग गेले. अडवायला नव्हे, अडवायला त्यांच्याजवळ एक ठिपका सोडून काही नव्हतं. पोरीनं ते एकटीनं ऐकू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

ठमाबाई झाडत होती. दोघं गडग्याशी थांबले. अंधार उतरत होता, माणसाचा चेहरा जेमतेम ओळखू येत होता. घरातला दिवा लागलेला नव्हता. कृष्णपक्षातली चौदस, चंद्र पहाटेपर्यंत उगवणार नव्हता.

तिनं सडा घातला. केरसुणी टेकवून ठेवली. पूर्वेकडे वळली.

सहा पंचेचाळीस.

तिच्या पायांपासून एक सावली निघाली आणि ओल्या अंगणावरून पश्चिमेकडे लांब पडत गेली. थेट गडग्यापर्यंत, भागोजीच्या पायांपर्यंत.

तात्यांनी पूर्वेला पाहिलं. डोंगर काळा होता. वर एक चांदणी होती.

भागोजी एक पाऊल मागे सरकला. सावलीचं डोकं जिथे होतं तिथेच राहिलं.

"गो आवडे," ठमाबाई म्हणाली, "हकडं ये. ऊन हाय."

आवडी कळशी ठेवून पुढे गेली. सासूनं तिचा हात धरून आपल्या हाताशेजारी पुढे धरला.

बांगड्या लखलखल्या. एक एक वेगळी मोजता यावी इतक्या.

आवडीनं हात मागे घेतला नाही. ती तशीच उभी राहिली, गालावर कोवळं ऊन घेतल्यासारखी, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग सावली अंधारात मिसळली. भागोजीनं पागोटं काढून हातात घेतलं होतं.

"पानं गुरांना घालतो," तो म्हणाला, आणि आल्या वाटेनं परत गेला.

पाऊस सुरू झाला. ओल्या अंगणात सडा कशाला, असं आता कुणी म्हणत नव्हतं. आषाढात एका संध्याकाळी ठमाबाईनं वीस मिनिटं आधीच केरसुणी उचलली. दुसऱ्या दिवशी आणखी वीस. तात्यांनी नकाशा पुन्हा उघडला. बेटावरून जहाज निघालं होतं. नकाशावर ते रोज एक ठिपका देऊ लागले, ठिपके पूर्वेला सरकत गेले, आणि आठव्या दिवशी चिलीच्या किनाऱ्याला लागून थांबले. तात्या भर पावसात इरलं न घेता आवडीकडे गेले आणि म्हणाले, "पोरी, तुझा नवरा जमिनीला लागला." वकिलातीचं पत्र त्यानंतर सात आठवड्यांनी आलं. तारीख तात्यांच्या वहीतलीच होती.

मग ठिपके घराकडे निघाले. गावातले लोक सकाळी कामाला जाताना तात्यांच्या ओटीवर डोकावत, "कुठवर आलाय?" आणि तात्या बोट ठेवून दाखवत. कार्तिकात एके दिवशी ठमाबाईनं सडा पहाटे घातला आणि सांजवात सांजेला लावली, चारचौघींसारखी. बयाबाईनं ते पाहून घरोघर साखर वाटली. चौथ्या दिवशी दासगावच्या बंदरात लाँचमधून मुरारी उतरला आणि बैलगाडीनं गावात आला. दाढी वाढलेली, अंगानं निम्मा, पण दोन्ही पायांवर. आवडी दारामागून बाहेरच येईना. भागोजीनं त्याला मिठी मारली ती सोडेना.

संध्याकाळी सगळे चुलीपाशी जमले. ठमाबाई भाकरी थापत होती. मुरारी सांगत होता, आणि तात्या मांडीवर वही घेऊन ऐकत होते, कारण त्यांना सगळ्या तारखा एकदा नीट लावून घ्यायच्या होत्या.

"शिमगा झाला त्याच्या पाचव्या दिशी जहाज बुडालं," मुरारी म्हणाला. "बारा दिस व्होडीत. सात मानसं गेली. मंग येका सकाळी बेट दिसलं. किनारा सगळा काळ्या दगडांचा, लाट अशी आपटत व्हती का व्होडीची भुकटी झाली असती. पन मधीच येक जागा मोकळी. आंगनायेवढी. दगड कुनी बाजूला सारल्यागत. तितंच लागलो आमी चौघं."

"आणि महाशिवरात्रीला कुठे होतात?" तात्यांनी लिहिता लिहिता विचारलं. त्यांना वहीतलं पहिलं घर, जहाज बुडायच्या आधीचं, भरायचं होतं.

"तवा? चिलीच्या बंदरात. सोरा भरत व्हतो. का?"

तात्या काही बोलायच्या आत आवडी पहिल्यांदाच बोलली, खाली मान घालून. "पन आत्याबाईंनी सांजचा सडा शिवरातीच्या दुसऱ्या दिसापासनं धरला व्हता. मीच पानी द्यायची. लोकांच्या ध्येनात ते पत्र आल्यावर आलं. येळ तीच व्हती, तात्यानू, तिन्हीसांजेची."

तात्यांची पेन्सिल थांबली. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी जहाज बंदरात सुखरूप उभं होतं. बुडायला तीन आठवडे अवकाश होता, आणि त्या बेटावर मुरारीचं पाऊल पडायला पाच. चुलीत लाकूड तडतडलं. सगळे ठमाबाईकडे पाहत होते.

"वहिनी," तात्या सावकाश म्हणाले, "तेव्हा तो तिथे नव्हता. मग तुम्ही तिथलं अंगण कुणासाठी झाडत होता?"

ठमाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. तिच्या चेहऱ्यावर नवल होतं ते तात्यांच्या प्रश्नाचं.

"ल्योक यायचा," ती म्हणाली, "तर जागा आधी साफ कराया नको?"