दुसऱ्याचं इंजिन

इंजिन बघायला मी डोंगराखालच्या डंडी शहरात गेलो, तेव्हा हिवाळा नुकताच लागला होता. शहराच्या बाहेर गोवेंडरचं भंगाराचं आवार आहे. तिथे ऊन मोडक्या पत्र्यांवर नुसतं पडून असतं आणि जुन्या तेलाचा वास दिवस मावळेपर्यंत नाकातून जात नाही. मी सावकाश फिरत होतो. माझ्यासारख्या माणसाला घाई कसली? माझी बायको, माखोझा, जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा वेलाफी, तोही गेला होता. पण नीट गेला नव्हता. म्हणून तर इंजिन हवं होतं.

वेलाफी वर ड्राकेन्सबर्ग डोंगराच्या पठारावर कुंपणाच्या राखणीला होता. बर्फ पडलं आणि पत्र्याच्या खोपटात तो थंडीने गेला. देह खाली आणला, तो मी माझ्या हाताने अंगणाकडेला पुरला. पण आमच्यात एवढ्याने भागत नाही. माणूस घराबाहेर मेला, की जिथे त्याचा श्वास सुटला तिथे घरच्या कोणीतरी रानबोरीची फांदी घेऊन जायचं. तिचा एक काटा सरळ असतो, एक मागे वळलेला. त्याला नावाने हाक मारायची, फांदीवर बसवायचं आणि घरी आणायचं. गाडीत त्याच्यासाठी जागा रिकामी ठेवायची. वाटेत त्याच्याशीच बोलायचं, इतर कोणाशी चकार शब्द नाही.

एकदा मी टॅक्सीने डांबर संपतं तिथवर गेलो होतो. त्याच्या पुढे नुसते दगड आणि चिखल. माझे गुडघे चढेनात. खालूनच हाका मारल्या. तो आला नाही. त्यानंतर रोज स्वप्नात दिसायचा. फाटकाबाहेर उभा, हात काखेत धरलेले. “बाबा, फार गार आहे हो...” एवढंच म्हणायचा.

माझ्याकडे एक जुनी उंच वॅगन गाडी होती, चारही चाकं ओढणारी. सांगाडा ठणठणीत, पण इंजिनात दम नव्हता. चर्चचा चढ आला की धापा टाकायची. तिला मोठं डिझेल इंजिन बसवलं, की ती वर जाणार, आणि माझा पोरगा घरी येणार. इतकं सरळ होतं ते माझ्या मनात.

गोवेंडरने एका उलटलेल्या मालट्रकचं इंजिन दाखवलं. मी त्यावर हात ठेवला आणि विचारायचं ते विचारलं. “ह्या ट्रकात कोणी मेलं का?”

“नाही हो बाबा. ड्रायव्हर स्वतःच्या पायाने बाहेर आला. झाडाखाली जाऊन बसला.”

“नक्की?”

“तुम्ही इंजिन घेताय की सोयरीक जमवताय?”

मी हसलो. घेतलं.

काम घरीच, अंगणातल्या बाभळीखाली. फांदीला चेनकप्पी टांगली आणि मागूबाने नावाचा माझा शेजारी वेल्डिंगचं सामान घेऊन आला. तो जन्मभर खाणीत फिटर होता. आमच्यात आडनावाच्या मूळपुरुषाच्या नावाने हाक मारतात. माझं आडनाव झुंगू, म्हणून तो मला मांझिनी म्हणतो.

“मांझिनी, हे इंजिन या गाडीत म्हणजे बैलाला बकरीचं जू.”

“तू जू कापून मोठं कर. बोल कमी.”

त्याने इंजिन बसायची जुनी फाउंडेशनं कापली, नवी जोडली. इंजिन आणि गिअरबॉक्सची तोंडं जुळेनात, म्हणून मध्ये जाड लोखंडाची जोडप्लेट केली. तेलाचं चेंबर पुढच्या ॲक्सलला लागायला लागलं, तेही कापून वाकवलं. मी कानसत बसायचो. कानस चालवताना मला माणसासारखं वाटायचं. एरवी घरात माझाच खोकला मला दचकवायचा.

एका सकाळी सगळीकडे हिम पडलं होतं. गवत पांढरं, बॉनेट पांढरं. मी बॉनेट उघडून इंजिनावर तळवा टेकवला. ते कोमट होतं. अजून त्यात तेलही भरलं नव्हतं.

“मांजर बसलं असेल,” मागूबाने म्हणाला.

“माझ्याकडे मांजर कुठंय?”

“मग माझ्या बायकोने शाप दिला असेल. सारखा इथेच असतो म्हणून.” तो हसला, पण त्या दिवशी त्याने हत्यारं लवकर आवरली.

सेल्फ मारला तेव्हा इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. आवाज खोल, शांत, घशातल्या घशात. मी मडगार्डवर थाप मारली आणि दोन गोड शब्द बोललो. मला ती खोडच आहे.

वर जाताना मागूबाने माझ्याबरोबर येणार होता. वाटेत माझ्या वतीने बोलायला कोणीतरी लागतं. पण गिअरबॉक्स उचलताना त्याची कंबर धरली. मी एकटाच निघालो. रानबोरीची फांदी तोडून आणली आणि बाजूच्या सीटवर ठेवली.

डांबर संपलं आणि धुकं उतरलं. दुपार होती, पण उजेड राखेसारखा. ओल्या दगडांचा आणि गरम डिझेलचा वास. दगडांवर चाकं घसरत होती. एका उभ्या वळणावर गाडी अडली, मागे सरकायला लागली, आणि खाली दरी. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, “चल बाबा, चल... दम धर. आपल्याला घरी जायचंय ना? चल, तुला घरी नेतो.”

इंजिनाने असा जोर घेतला, की मीच मागे आपटलो. गाडी चढून सपाटीवर आली. फांदी सीटवर नीट उभी टेकली होती. ती मी आडवी ठेवली होती.

वेलाफीच्या खोपटाशी मी फांदी टेकवली, त्याला हाक मारली, आमच्या पूर्वजांची नावं घेतली. वारा नव्हता. वाट पाहिली. मग फांदी उचलून सीटवर ठेवली आणि बोलत बोलत उतरलो. “हा ओढा, पोरा, ओलांडतोय आपण. हे डांबर लागलं. हे चर्च. हे आपलं फाटक.” बाजूचं दार मी उघडलं, तेव्हा सीट दबलेली होती. ती हळूहळू वर आली. मला रडू आलं. वाटलं, आला.

घरात दारासमोरच्या भिंतीशी पूर्वजांची जागा असते. तिथे फांदी ठेवली. बकरी कापली, ज्वारीच्या बिअरचं मडकं भरून ठेवलं. मागूबाने कंबर धरून आला, जेवला. “आता तरी झोप माणसासारखा,” म्हणाला.

झोपलो. आणि वेलाफी पुन्हा फाटकाबाहेरच उभा. हात काखेत. “बाबा... माझ्या जागेवर कोण बसलंय?”

सकाळी मडकं रिकामं होतं. वेलाफीने जन्मात कधी बिअर प्यायली नाही.

मी तडक गोवेंडरकडे गेलो. “तो ड्रायव्हर झाडाखाली बसला, म्हणालास. पुढे?”

त्याने नजर चुकवली. “पुढे काय... दुसऱ्या दिवशी लोक आले, तेव्हाही बसलेलाच होता. आत मेला नाही, बाबा. मी खोटं नाही बोललो.”

“कुठला होता?”

“कोणाला ठाऊक. कोणी विचारायला आलंच नाही.”

वाटभर मला त्या माणसाचाच विचार. त्यालाही कोणी न्यायला आलं नव्हतं. कुणीतरी घरी नेतो म्हणालं, आणि तो उठून आला. त्याचं काय चुकलं? पण तो बसलेला असेपर्यंत माझा पोरगा थंडीतच उभा राहणार होता. म्हणून घरी येताच भिंतीशी वाकलो, फांदी उचलली, पुन्हा गाडीत ठेवली. “भाऊ, तुझं घर वेगळं आहे. रस्ता तू दाखव, मी पोचवतो.”

प्रत्येक फाट्यावर मी थांबायचो. फांदी कलायची, तिकडे वळायचो. अनोळखी वस्त्या गेल्या, उसाची रानं गेली. आम्ही कच्च्या वाटा, कोरड्या नद्या पार केल्या. दिवस कलला. शेवटी फांदी सरळ पुढे झुकली आणि मी ब्रेक लावला.

समोर फाटक होतं. माझंच.

तिकडून आम्ही कुठल्या वाटेने आलो, मला अजून कळलेलं नाही. फाटकाआड माझ्या झोपडीतून धूर निघत होता. चूल मी पेटवली नव्हती. आणि मी जागा होतो, डोळे उघडे होते, तेव्हा आतून आवाज आला. सावकाश, दबका. माझ्या पोराचा.

“बाबा, आत या... एकटेच या.”

जागा मोकळी झाली, तसा तो आत आला होता. मी दार उघडून खाली उतरलो. एक पाऊल टाकलं. पाठीमागे गाडीचं दुसरं दार उघडलं.

मी परत येऊन बसलो. तेव्हा ते दारही लागलं.

तेव्हापासून मी असाच आहे. फाटकासमोर, गाडीत. परसाकडे जायला, पाय मोकळे करायला फाटकाकडे पाठ करून उतरलो, तर काही होत नाही. पण फाटकाकडे तोंड केलं, की ते दार वाजतं. मागूबाने रोज मक्याची पेज आणून देतो.

“स्वतःचं घर सोडून गाडीत राहणारा म्हातारा मी पहिलाच बघतोय,” म्हणतो. “घरात जाऊन आलो मी. कोणी नाही. चूल गार आहे.”

“संध्याकाळी बघ.”

“संध्याकाळी माझी बायको सोडत नाही,” म्हणतो, आणि माझ्याकडे बघत नाही.

इंजिन काढून टाक, असंही तो म्हणाला. मी पाना घेऊन बॉनेट उघडलं होतं एकदा. इंजिन कोमट होतं. ते निजलेल्या माणसाच्या कपाळासारखं लागलं हाताला. पुन्हा त्याला झाडाखाली सोडून यायचं? माझ्याने होईना.

दिवस मावळताना धूर दिसतो. पोराला आता ऊब आहे, एवढं मला पुरतं. गार पडलं, की मी घोंगडी ओढून घेतो आणि बाजूच्याला थोडं काहीबाही सांगतो. सकाळी उठलो, की त्याच्या बाजूची काच आतून वाफेने धुरकट झालेली असते. त्याची मला आता सवय झाली आहे.

काल सकाळी मागची सीट दबलेली होती, आणि मागच्या काचाही आतून धुरकट होत्या. दोन्ही.