कापसाच्या गाडीवरची जागा

अंगणातला कंदील बारीक करून अण्णाजी ही गोष्ट सांगत. ज्याच्यावर ती गुदरली तो टिकाराम त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहायचा. पोरांनी कितीही खोदून विचारलं, तरी अण्णाजी त्यात एक शब्द वाढवत नसत.

साल चोपन्न. मार्गशीर्ष वद्य एकादशीची रात्र. टिकाराम अल्लीपूरहून हिंगणघाटला कापसाची गाडी घेऊन निघाला होता. पुढे त्याचा दोस्त हरिदास, त्याच्या गाडीमागे याची गाडी. दिवेलागणीला निघायचं आणि उजाडता जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी पोचायचं, हा सगळ्यांचाच रिवाज.

त्या खेपेला टिकारामची बायको रुखमाही जायची होती. दसऱ्यापासून तिला खोकला लागला होता, आणि आता खोकल्यातून रक्त पडत होतं. कापसावर निजून जाऊ, हिंगणघाटच्या डॉक्टरला दाखवू, असं टिकारामनंच तिला सांगून ठेवलं होतं. दुपारीच ती न्हाली, धुतलेलं लुगडं नेसली आणि उंबऱ्याशी येऊन बसली. पण गाडी भरून झाल्यावर त्याची आई भागाबाई त्याला बाजूला घेऊन म्हणाली की, एवढ्या पांढऱ्या कापसावर रक्ताचा डाग दिसला तर व्यापारी गाडी फाटकातूनच परत धाडील. मग वर्षभर घरानं खायचं काय?  टिकाराम रुखमापाशी आला. तिच्याकडे न बघता, बैलाची वेसण चाचपत म्हणाला, "पुढच्या खेपेले नेतो तुले."

"बरं," ती म्हणाली. "थंडी हाय. कान बांधून घेजा."

त्यानं गाडी हाकली ती मागे वळून न पाहता.

हरिदास बोलका गडी. बैलांना शिव्या, व्याह्याची नक्कल, सगळं अंधारातून मागे ऐकू येत होतं. नाल्याच्या उताराला लागल्यावर त्यानं बैल जरा आवरले. मग म्हणाला, "बरं केलं गड्या, वहिनीले आणलं. आमच्या घरचे म्हणे, हा काई नेत नाई तिले."

"काऊन? आणलं असं काऊन म्हणतं?"

"मघापासून खोकून नाई राह्यल्या का?"

टिकारामनं कान दिला. चाकांची करकर. बैलांचा श्वास. आणि मग त्याच्या पाठीमागे, वर कापसात, कोणीतरी खोकलं. दाबून. पदराचा बोळा तोंडाशी धरून खोकावं तसं...

ती रुखमा नव्हे, असं त्याला सांगता आलं असतं. पण मग हरिदासनं विचारलं असतं, कुठं हाय मंग? काऊन नाई आणलं? ते त्याच्यानं सांगवणार नव्हतं. भीती होतीच. पण लाज मोठी होती.

"हो," तो म्हणाला. "आणलं."

खोकला थांबला.

नाल्यावर बैलांना पाणी पाजलं. हरिदास लोटा भरून वहिनीसाठी घेऊन आला.

"झोपली हाय," टिकाराम म्हणाला.

"वर नेऊन देतो न मी."

"नको..."

गाड्या पुन्हा वाटेला लागल्या. खोकला पुन्हा आला नाही. श्वास मात्र येत होता. घरघरता. अगदी पाठीशी. टिकारामची मान ताठ. वळावं... नाव घ्यावं... काय तोंडानं?

तो वळला नाही.

फाटकाशी गाड्या रांगेला लागल्या. तांबडं फुटलं. तेवढ्यात गावातला ओमप्रकाश सायकल मारत आला, थेट टिकारामपाशी.

"रुखमाबाई गेल्या," तो म्हणाला. "तुमी गावची शीव ओलांडली नसन, तवाच. बसल्या जागी. सायकल पहाटे मिळाली मले."

हरिदास चिलीम पेटवत होता, त्याचा हात तसाच राहिला. त्यानं टिकारामकडे पाहिलं. मग वर कापसाकडे. 

टिकाराम चाकावर पाय देऊन वर चढला. रात्रभराच्या दवानं सगळा कापूस भिजला होता. हात ठेवावा तिथं ओल. फक्त एका बाजूला, अगदी कडेला, पाय पोटाशी घेऊन एक माणूस मावेल एवढी जागा दबलेली होती.

तेवढाच कापूस कोरडा होता. आणि कोमट.